जुनी गाडी आली की जाड ऑइल? डबा उघडण्याआधी हे चार प्रश्न विचारा



गडचांदूरला राजुरा-कोरपना रस्त्यावर ऑइल चेंजचं छोटं दुकान किंवा गॅरेज टाकायचा विचार करताय? मग एक वाक्य तुम्हाला दर दोन दिवसांनी ऐकायला मिळणार आहे : “भाऊ, गाडी जुनी झाली, आता जरा जाड ऑइल टाकून द्या ना.”

समोर एमएच-३४ पासिंगची जुनी ओम्नी उभी आहे. तिच्यात किराणा भरून मालक घाट चढतो, जिवतीला पोहोचवतो. गाडी बंद पडली तर त्याचं दुकान बंद. अशा वेळी तुम्ही काय ओतता, यावर त्याचं इंजिन आणि तुमचं नाव, दोन्ही अवलंबून आहे.

आधी डब्यावरचा आकडा समजून घ्या

२०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०. यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंड इंजिनासाठी असतो. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. ३० नंबरचं ऑइल तिथे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या मध्ये असतं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. सेंटीस्टोक हे वाहण्याला होणारा विरोध मोजायचं माप आहे. आकडा मोठा म्हणजे ऑइल जाड, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

आता आपल्याकडचं हवामान बघा. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उणे तापमान आपण कधी बघतच नाही. म्हणून जुन्या, साध्या पेट्रोल इंजिनाला २०डब्ल्यू इथे स्टार्टिंगला अडत नाही. आपल्यासाठी खरा महत्त्वाचा आहे तो दुसरा आकडा.

मग जाडच टाकावं ना?

इथेच गडबड होते. ऑइलचं काम फक्त फटी भरणं नाही. सकाळी चावी फिरवली की ते पंपातून वर कॅमशाफ्टपर्यंत पटकन पोहोचलं पाहिजे. गरजेपेक्षा जाड ऑइल उशिरा पोहोचतं, इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि अॅव्हरेज पडतो. टर्बो असलेल्या किंवा व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलणाऱ्या इंजिनात मार्ग बारीक असतात. तिथे मनाने जाड ऑइल टाकणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

आणि झिजलेली रिंग जाड ऑइलने भरून येत नाही. धूर काही दिवस कमी दिसतो, एवढंच.

काउंटरवरचे चार प्रश्न

१. कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय? बऱ्याच पुस्तिकांमध्ये हवामानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. आपलं ऊन, भरलेला माल आणि घाट बघता त्यातली गरम हवामानासाठी दिलेली ग्रेड निवडा. वय बघून नाही, पुस्तिका बघून सुरुवात करा.

२. ऑइल किती कमी होतं? अंदाज नको, मोजा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, १,००० किलोमीटरनंतर गाडी सपाट जागी, इंजिन थोडं निवल्यावर तपासा. पुन्हा खुणेपर्यंत किती मिली लागलं ते लिहून ठेवा.

३. निळा धूर कधी येतो? रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट करताना भपकन आला आणि थांबला, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. चढावर रेस देताना सतत येत असेल, तर रिंगकडे बोट जातं. काळा धूर हा ऑइलचा नाही, जास्त जळणाऱ्या इंधनाचा विषय आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय, आधी हेड गॅस्केट तपासा.

४. एअर फिल्टर कधी बदलला? आपला सिमेंटचा आणि चुनखडीच्या वाहतुकीचा पट्टा. फाटक्या फिल्टरमधून धूळ आत गेली की ती रिंग आणि सिलिंडर घासते. फिल्टर तसाच ठेवून महागडं ऑइल टाकलं तर गिऱ्हाइकाचे पैसे वायाच गेले.

आता निर्णय. साधं जुनं इंजिन, ऑइल थोडं-थोडं कमी होतंय, बाकी ठीक? मग पुस्तिकेत चालत असेल तर एक पायरी वर जा, ३० वरून ४०. एकदम ५० नाही. पुन्हा १,००० किलोमीटर मोजा. खप लिटरच्या आसपास असेल, तर स्पष्ट सांगा : “दादा, हे ऑइलचं काम नाही, इंजिनाचं आहे.”

आणखी एक. आकडा जुळला म्हणजे ऑइल जुळलं असं नाही. डब्यावर एपीआयची अक्षरं बघा. ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. बाइकचं २०डब्ल्यू-४० शेल्फवर आहे म्हणून डिझेल गाडीत ओतू नका.

यात धंदा कुठे आहे?

हिशोब करून बघा. समजा एक गाडी महिन्याला २,००० किलोमीटर चालते, म्हणजे वर्षाला २४,०००. दर ५,००० ला ऑइल बदललं तर वर्षात जवळपास पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीला ऑइल, ऑइल फिल्टर, मजुरी. एका डब्यावर चार पैसे जास्त सुटावे म्हणून चुकीचं ऑइल विकलं, तर तुम्ही त्या पाच फेऱ्या घालवता. आणि आपल्याकडे एका गाडीवाल्याचं बोलणं दहा गाडीवाल्यांपर्यंत जातं.

सुरुवातीला दहा ब्रँड भरून भांडवल अडकवू नका. तुमच्या भागात कोणत्या गाड्या जास्त आहेत ते आठवडाभर उभं राहून मोजा आणि तीन-चार ग्रेडच ठेवा. प्रत्येक गाडीचं कार्ड करा : तारीख, किलोमीटर, ग्रेड, किती मिली टॉप-अप. पुढच्या वेळी तुम्ही ते कार्ड काढलं की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी विश्वास ठेवतो.

काढलेलं काळं ऑइल नालीत किंवा मातीत ओतू नका, जाळूही नका. ते २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ड्रममध्ये साठवा आणि अधिकृत रिसायकलरलाच द्या.

उद्या कोणी “जाड टाका ना भाऊ” म्हणालं, तर डबा उचलू नका. आधी डिपस्टिक काढा. ऑइल तर सगळेच विकतात, तपासून विकणाऱ्याकडे लोक परत येतात.