मंगळप्रवासाची रंगीत तालीम

नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वी नटमंडळी रंगीत तालीम करतात. वेष, रंगभूषा, दिवे सारे खऱ्यासारखे असते. फक्त प्रेक्षक नसतात. माणसाला मंगळावर पाठविण्यापूर्वी शास्त्रज्ञही अशीच तालीम करून पाहतात.

प्रशांत महासागरातील हवाई बेटावर मौना लोआ हा प्रचंड ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर, सुमारे २५०० मीटर उंचीवर, थिजलेल्या लाव्हाचे उजाड रान पसरलेले आहे. तेथे हवाई विद्यापीठाने २०१३ साली घुमटाच्या आकाराचे एक घर उभारले. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१६ असे वर्षभर सहा स्त्रीपुरुष त्या घरात मंगळवासी होऊन राहिले. अंतराळवेष चढविल्याविना कोणी उंबरठा ओलांडीत नसे. बाहेरच्या जगाला पाठविलेला निरोप मुद्दाम वीस मिनिटे उशिरा पोहोचविला जाई, आणि उत्तरालाही तितकाच वेळ लागे; कारण मंगळ दूर असताना खराच एवढा विलंब होतो.

अशा घरात अभियंत्याची जबाबदारी मोठी असते. दिवे, ऊब, पाणी, स्वयंपाक या सर्वांचा आधार म्हणजे वीज. ती सूर्यप्रकाशापासून मिळवून बॅटऱ्यांत साठवावयाची. आभाळ भरून आले, की साठा कमी होणार. मग कोणते यंत्र चालू ठेवावे व कोणते बंद करावे, हे अभियंत्यानेच ठरवावयाचे. काही बिघडले, तर विचारणा करून उत्तर येईपर्यंत चाळीस मिनिटे जाणार! म्हणून हाताशी असेल त्या साहित्यानिशी, स्वतःच्या बुद्धीने दुरुस्ती करणे त्याला भाग असते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये चौघांची नवी तुकडी तेथे गेली. ढगाळ हवेमुळे वीज अपुरी पडली व राखीव जनित्र चालू करावे लागले. त्या वेळी एका सदस्याला विजेचा धक्का बसला. आता कोठला मंगळ आणि कोठला विलंब! सोबत्यांनी तत्काळ मदत मागविली. जखमीला रुग्णालयात नेण्यात आले. सुदैवाने प्राणावरचे संकट टळले. मोहीम मात्र चारच दिवसांत आटोपावी लागली.

सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. विजेचेही तसेच आहे. तालमीतला मंगळ लटका असतो. वीज मात्र खरीच असते. ही गोष्ट अभियंत्याला क्षणभरही विसरून चालत नाही. हवाई बेटावर रुग्णालय गाठता आले. मंगळावर ते कोठून आणावयाचे? म्हणूनच बाळांनो, तेथे घडू नये ते येथेच ओळखून ठेवावे, यासाठी ही सारी तालीम.