खंडोष्ठाची शस्त्रक्रिया आणि तान्ह्याची वेदना

“तान्ह्याला काय कळतें? घटकाभर रडेल आणि विसरेल,” असें घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात. त्यांस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. नवजात अर्भकासही वेदना होते हें डॉक्टर आनंद व हिकी यांनीं १९८७ सालीं साधार मांडीपर्यंत पुष्कळ वैद्यांचीही हीच समजूत होती.

आमच्या नगर जिल्ह्यांत (आतां अहिल्यानगर) दुभंगलेल्या ओठाचें मूल जन्मलें कीं प्रथम ग्रहणाची चौकशी होते आणि बिचाऱ्या मातेस बोल लागतो. ग्रहणाचा येथें कांहीं संबंध नाहीं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशीं मुलें तपासून पुढें शस्त्रक्रियेस पाठविण्याची सोय आहे. मूल सुमारें तीन महिन्यांचें, पांच किलोचें झालें कीं बहुधा ओठ शिवितात.

खरी कसोटी त्या रात्रीं लागते. भूल दिलेली असतांनाच पुष्कळदां डोळ्याखालच्या मज्जातंतूपाशीं बधिरतेचें औषध टोचतात. त्यामुळें मूल शांत परत येतें व मंडळी निर्धास्त होतात. कांहीं तासांनीं बधिरपणा ओसरतो. तो ओसरण्यापूर्वींच पॅरासिटामॉल सुरू असावें, आणि पहिले दोन दिवस तरी, रडण्याची वाट न पाहतां, डॉक्टरांनीं नेमलेल्या वेळीं तें द्यावें. वेदना एकदां चढली कीं मूल दूध घेत नाहीं, आणि आक्रोशानें टांक्यांवर ताण पडतो तो निराळाच.

मात्रा वजनावर ठरते. किलोमागें १५ मिलिग्रॅम ही नेहमींची. पण एका बाटलींत पांच मिलिलिटरांस १२० मिलिग्रॅम, दुसरींत २५०, आणि थेंबांच्या कुपींत तर एकाच मिलिलिटरांत १०० असतें! आजीनें एक चमचा दिला, तें ठाऊक नसल्यानें काकूंनीं दुसरा दिला, असें भरल्या घरांत सहज घडतें. म्हणून औषध देणारें माणूस एकच नेमावें व वेळ कागदावर टिपावी. अॅस्पिरिन, अफूची बाळगोळी, मध यांस शिवूंही नये.

बोलतां न येणाऱ्या मुलाची वेदना त्याच्या आक्रसलेल्या चेहऱ्यावर, पोटाशीं ओढलेल्या पायांवर दिसते. डॉक्टरांची परवानगी असेल तर आईनें त्यास अंगावर घ्यावें. तिच्या कुशीइतकें सोपें औषध नाहीं. तरीही तें निवेना, ताप चढला किंवा ओठांतून रक्त येऊं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां रात्रींच रुग्णालय गांठावें.