जिप्सीची उंची

मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी भारतीय बाजारात आणली, तेव्हा सुझुकीच्या एसजे-४१० या जपानी गाडीचे लांब बांध्याचे रूप एवढीच तिची ओळख होती. परंतु पुढे सैन्यदल, पोलीस, वनखाते आणि डोंगराची ओढ असलेली हौशी मंडळी या सर्वांनी तिला इतक्या आपुलकीने राबवले की, तिची विक्री बंद होऊन वर्षे लोटली तरी तिचे जुने सांगाडे आजही कारखान्यांच्या अंगणात नव्याने उभे राहताना दिसतात. हजार किलोच्या आसपास वजन, आरंभी ९७० आणि १९९६ च्या जिप्सी किंगपासून १३०० घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, आणि त्या ॲक्सलना चेसीशी जोडणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानी, इतकाच तिचा सरंजाम. या साधेपणामुळेच लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगचे यंत्र असलेला कोणताही हुशार मिस्त्री तिच्या अंगात हात घालू शकतो. आणि बहुतेक वेळा मालकाची पहिली फर्माईश असते ती गाडी उंच करून देण्याची.

ही उंची नेमकी कशाची, याचा विचार मात्र फार थोडे मालक करतात. मूळ गाडीच्या पोटाखाली जमिनीपासून २१० मिलिमीटर मोकळी जागा असते, आणि गाडीतील सर्वांत खालचा भाग असतो ॲक्सलच्या मधला फुगीर डिफरेन्शियल. कमानीत काहीही फेरफार करून बॉडी वर उचलली, तरी तो डिफरेन्शियल होता तेथेच राहतो, कारण ॲक्सलची उंची ठरते ती केवळ टायरच्या त्रिज्येवरून. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी ३० इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटर व्यासाचा टायर घातला, तर डिफरेन्शियल ४७ मिलिमीटर वर येतो. खरा लाभ तो एवढाच. बॉडी उचलण्याचे प्रयोजन असे की, तो मोठा टायर मडगार्डला न घासता पूर्ण वर-खाली हलावा, आणि चढाच्या तोंडाशी बंपर व माथ्यावर गाडीचे पोट अडकू नये. दिमाखासाठी उंची हवी असणाऱ्यांचा विचार येथे केलेला नाही. त्यांची संख्या कमी आहे असे मात्र नव्हे.

उंची मिळवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय शॅकल. पाट्याचे एक टोक चेसीला कायमचे खिळलेले असते आणि दुसरे एका जोडपट्टीला लटकलेले असते, म्हणजे कमान दबून सपाट होताना तिची वाढणारी लांबी त्या पट्टीच्या झोक्यात सामावते. या जोडपट्टीलाच शॅकल म्हणतात. ती लांब केली की पाट्याचे ते टोक खाली जाते, परंतु ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असल्यामुळे मिळणारी उंची निम्मीच असते. २५ मिलिमीटर उंची हवी असेल तर शॅकल ५० मिलिमीटरने वाढवावे लागते. हे काम दिसते सोपे, आणि म्हणूनच त्यात हलगर्जी फार होते. जाड माइल्ड स्टीलच्या पट्टीला गॅस कटरने भोके पाडून देणारे कारागीर मी पाहिले आहेत. पण ज्वाळेने कापलेली कड खडबडीत आणि ठिसूळ राहते, आणि तडा नेमका तेथून सुरू होतो. जाणता मिस्त्री दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोन टाके मारून जोडतो आणि ड्रिलने दोन्हींतून एकदमच भोक पाडतो, जेणेकरून भोकांमधल्या अंतरात केसाचाही फरक राहू नये; दोहोंच्या मध्ये आडवी नळी बसवून शॅकलचा बाजूला कलण्याचा कल मोडतो; आणि रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचा भार पाट्यांवर आल्यानंतरच अखेरचे आवळतो. गाडी जॅकवर टांगलेली असताना ते आवळले, तर बूश त्या चुकीच्या स्थितीतच पकडला जातो आणि पुढे सदैव पिळवटलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतो.

पाट्यांविषयी एक गणित ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. म्हणून ६ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी तेवढ्याच लांबी-रुंदीचा ७ मिलिमीटरचा पाटा घातला, तर दिसायला एका मिलिमीटरचा फरक असला, तरी ताठरपणा जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतो. जड गाडीचे पाटे आणून जिप्सीत बसवले म्हणजे ती उंच होते खरी, परंतु खडकावर चाक वर उचलले गेले की कमान दबतच नाही, विरुद्ध बाजूचे चाक अधांतरी फिरत राहते, आणि ज्या कामासाठी हा खटाटोप केला तेच बिघडते. जुन्याच पाट्यांना अधिक बाक देण्याची रीतही आहे. ते थंड स्थितीत, हळूहळू ठोकत दिले तर निभावते; भट्टीत तापवले, तर मात्र पोलादाचे पाणी उतरते, आणि तेलात बुडवून योग्य तापमानाला पुन्हा पाणी दिल्यावाचून तो पाटा पाटा राहत नाही. पाट्याला वेल्डिंगचा स्पर्श तर होताच कामा नये.

याहून धाडसी उपाय म्हणजे पाट्यांची जागाच बदलणे. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते उचलून वर ठेवले, तर ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून गाडी सुमारे ५ इंच उंच होते, आणि पाट्यांच्या जातीत कोणताही फेरबदल न झाल्यामुळे गाडीचा मऊपणा टिकून राहतो. त्यासाठी ॲक्सलच्या माथ्यावर पाट्यांसाठी नव्या बैठकी तयार करून जोडाव्या लागतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲक्सलची नळी वाकू नये म्हणून टाके आलटून-पालटून, दोन्ही बाजूंना विसावा देत घालावे लागतात; पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट तर नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणला गेलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसाच ताण धरील याची हमी नसते.

नवी बैठक जोडताना कारागिराला एक अधिकार मिळतो आणि त्याबरोबर मोठी जबाबदारीही येते: ॲक्सल कोणत्या कोनात बसवायचा हे त्याने ठरवायचे असते. इंजिनची शक्ती पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसकडून ॲक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांना क्रॉस-जॉइंटने जोडलेला असतो, आणि या जॉइंटचा स्वभाव असा की, त्याचे एक अंग समगतीने फिरत असले तरी दुसरे अंग कोनामुळे एका फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. कोन २० अंशांचा असेल तर हा चढउतार सहा टक्क्यांच्या आसपास असतो. ३० अंशांवर तो एका बाजूस तेरा, दुसरीस पंधरा टक्क्यांपर्यंत पोहोचतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तर एका जॉइंटचा दोष दुसरा भरून काढतो, नाहीतर सारी गाडी थरथरत राहते आणि क्रॉस झिजतात. मागच्या ॲक्सलवर हा समतोल साधणे अवघड नाही. पुढच्या ॲक्सलवर मात्र अडचण दुहेरी आहे, कारण ज्या नळीत डिफरेन्शियल आहे तिच्याच टोकांना चाके वळवणारे सांधेही आहेत, आणि त्या सांध्यांचा मागे झुकता कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, चाकांना सरळ धावायला लावतो. जिप्सीचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढल्या टोकाला असल्यामुळे ते लांब केले की डिफरेन्शियलचे मागे शाफ्टकडे असलेले नाक वर उचलले जाते. शाफ्टचा कोन सुधारतो, पण कॅस्टर घटतो आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर परत मिळवावा, तर शाफ्टचा कोन पुन्हा बिघडतो. नळीची टोके कापून सांधे फिरवून जोडणे हाच यावर खरा उपाय आहे, आणि तो करणारे हात थोडे आहेत.

स्टिअरिंगचा ड्रॅग लिंकही गाडी उंच झाली की तिरपा होतो, आणि मग खड्ड्यात चाक खाली-वर झाले तरी चालकाने न फिरवताच चाके वळतात; ब्रेकचे होज अपुरे पडतात, शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण ताणले जातात. पाटे वर गेल्यावर जोरात खेचताना ॲक्सल स्वतःच पिळून पाट्यांना इंग्रजी एस अक्षराचा आकार देतो. त्यासाठी ॲक्सलपासून चेसीपर्यंत टॉर्क रॉड बसवावा लागतो. गाडी दोन तासांत उंच होते. पुढचे आठवडे या हिशेबात जातात.

एक गोष्ट कोणत्याही सुट्या भागाने परत येत नाही: गुरुत्वमध्याची उंची. चाकांतले आडवे अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर मानला, तर गाडी साधारण ४३ अंशांच्या कलावर कलंडेल. तोच मध्य १२५ मिलिमीटर वर गेला, तर ३८ अंशांवर. याच घराण्यातील सामुराई गाडीला १९८८ साली अमेरिकेतील कन्झ्युमर्स युनियनने कलंडण्याच्या धोक्यावरून ‘अस्वीकार्य’ ठरवले होते; सुझुकीने १९९६ मध्ये त्यावर दावा लावला आणि २००४ मध्ये तो आपसांत मिटला. खरे कोणाचे, हा वाद बाजूस ठेवला, तरी अरुंद गाडी उंच करणाऱ्याने ते प्रकरण माहीत करून घ्यावे. टायर रुंद घेऊन चाके थोडी बाहेर आणणे हा उपाय काही अंशी उपयोगी पडतो.

कायद्याचे म्हणणे याहून कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून नोंदणीतील तपशील भिन्न होईल असा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. म्हणूनच स्पर्धेसाठी पुरत्या बदललेल्या जिप्सी रस्त्याने न चालवता ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून नेतात. २०१४ मध्ये गोव्यात पावसाळ्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत अशा गाड्या चिखलात मांडीभर रुतलेल्या दिसतात. रोजच्या गाडीसाठी निर्मात्याच्या तपशिलात बसणारे बदल काय, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून लेखी घ्यावे.

काम पुरे झाले, असे मिस्त्रीने म्हटल्यावर एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून विरुद्ध चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि खाली वाकून पाहावे: ब्रेकचा होज ताणला आहे काय, प्रोपेलर शाफ्ट चेसीच्या आडव्या पट्टीला लागतो काय, शॉक ॲब्सॉर्बरला अद्याप इंचभर वाव आहे काय. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर कोठे घासतो ते तपासावे. शंभर किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि कोणता बोल्ट सैल पडला होता ते मिस्त्रीला सांगावे, म्हणजे त्या बैठकीकडे तो पुन्हा एकदा नजर टाकील.