विश्लेषण : डिस्चार्ज कार्डावरचा ‘क्यू ४४’ म्हणजे काय? बाळाच्या यकृतासाठी हा कोड का महत्त्वाचा?

बाळ रुग्णालयातून घरी आले की आपण डिस्चार्ज कार्डावर औषधे पाहतो, पुढच्या तपासणीची तारीख पाहतो, बिल तपासतो. निदानाशेजारी किंवा विम्याच्या अर्जात लिहिलेला एक अक्षर आणि दोन-तीन आकड्यांचा कोड सहसा कोणी वाचत नाही. बाळाची कावीळ लांबली असेल तर मात्र तो वाचायला हवा. ‘पी ५९.९’ आणि ‘क्यू ४४.२’ या दोन्ही कोडची बाळे पिवळीच दिसतात. पहिल्यात कावीळ बहुतेकदा काही दिवसांत उतरते. दुसऱ्यात साधारण ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी यासाठी धावपळ करावी लागते.

हा कोड येतो कुठून?

जागतिक आरोग्य संघटना आजारांची एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी ठरवते. तिला आयसीडी म्हणतात. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडच्या कागदांवर अजून प्रामुख्याने दहावीच दिसते. विमा दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात या कोडसाठी रकाना असतो. मृत्यूच्या कारणांची सरकारी आकडेवारीही याच वर्गवारीवर उभी आहे.

कोडची रचना पिन कोडसारखी असते. ‘क्यू’ म्हणजे जन्मजात व्यंगांचे प्रकरण. ‘४४’ म्हणजे पित्ताशय, पित्तनलिका आणि यकृत. दशांश चिन्हानंतरचा आकडा नेमका आजार सांगतो.

• ४४.० : पित्ताशय नसणे किंवा त्याची वाढ अपुरी असणे
• ४४.१ : पित्ताशयाची इतर व्यंगे
• ४४.२ : पित्तनलिका बंद असणे, म्हणजे बिलिअरी अट्रेसिया
• ४४.३ : पित्तनलिका जन्मतः अरुंद असणे
• ४४.४ : पित्तनलिकेचा फुगा, म्हणजे कोलेडोकल सिस्ट
• ४४.५ : पित्तनलिकेची इतर व्यंगे
• ४४.६ : यकृतात पाण्याच्या गाठी असणे
• ४४.७ : यकृताची इतर व्यंगे

फाइल ‘पी ५९.९’वरच थांबली तर?

‘पी ५९.९’ म्हणजे नवजात बाळाची कावीळ, कारण नोंदवलेले नाही. पहिल्या आठवड्यात ही नोंद चुकीची नसते, कारण असंख्य बाळांना साधी कावीळ होते. अडचण होते ती कावीळ दोन आठवडे उलटूनही टिकते आणि नोंद तीच राहते तेव्हा.

बिलिअरी अट्रेसियात पित्त यकृतातून आतड्यात उतरतच नाही. ते आतच साचते आणि यकृत खराब होत जाते. जपानी सर्जन मोरिओ कसाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. बंद नलिका काढून लहान आतड्याचा भाग थेट यकृताला जोडायचा, ही तिची पद्धत. बाळ ६० दिवसांचे होण्याआधी ती झाली तर यशाची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर बहुतेकदा यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. भारतात लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झाले. त्या २० महिन्यांच्या बाळाला हाच आजार होता.

कोड स्वतः उपचार ठरवत नाही. तो डॉक्टरांनी लिहिलेल्या शब्दांवरून पडतो. कार्डावर नुसते ‘कावीळ’ लिहिले असेल, तर कोडही तेवढाच मोघम असतो आणि पुढच्या डॉक्टरच्या हाती मोघम फाइल जाते.

‘इतर’ या रकान्यात काय हरवते?

‘क्यू ४४.७’मध्ये वेगवेगळे आजार एकत्र टाकले जातात. अलाजील सिंड्रोम त्यातलाच. यात यकृतातल्या पित्तनलिका कमी असतात आणि हृदय, डोळे, मणके यांवरही परिणाम होऊ शकतो. बाळ अगदी बिलिअरी अट्रेसियासारखे दिसते, पण यात कसाई शस्त्रक्रियेचा फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकते. म्हणजे इथे नावातला फरक थेट उपचारातला फरक आहे.

अमेरिकेने आपल्या आवृत्तीत १ ऑक्टोबर २०२३ पासून अलाजीलला ‘क्यू ४४.७१’ हा स्वतंत्र कोड दिला. त्याआधी २०२१ मध्ये तिथे या आजारातील खाजेवर औषध मंजूर झाले होते, पण असे रुग्ण किती हे कोडवरून मोजता येत नव्हते.

मोजणी झाली की धोरण बनते. तैवानने २००४ पासून देशभर पालकांना बाळाच्या शीचा रंग ताडून पाहण्याचे कार्ड दिले. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत जन्मजात व्यंगे नऊ आहेत. त्यात यकृताचे एकही नाही.

मोठ्या माणसाच्या कागदावर ‘क्यू’ कसा?

हा कोड फक्त बाळांसाठी नाही. पित्तनलिकेचा फुगा किंवा यकृतातल्या असंख्य गाठी पंचेचाळिशीतही सापडू शकतात. आजार जन्मजात असला तर कोणत्याही वयात कोड ‘क्यू’च लागतो.

विमा नाकारला जाईल का?

‘जन्मजात’ शब्द वाचून अनेकजण घाबरतात. इर्डाईच्या व्याख्येत जन्मजात आजारांचे दोन प्रकार आहेत : दिसणारे ते बाह्य, न दिसणारे ते अंतर्गत. यकृताचे व्यंग अंतर्गत प्रकारात येते. इर्डाईच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अंतर्गत जन्मजात आजार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. मात्र प्रतीक्षा काळ लागू होऊ शकतो. शिवाय अनेक फॅमिली पॉलिसींमध्ये बाळाचे नाव ९० दिवसांनंतरच घालता येते. कसाईची वेळ त्याआधीची. म्हणून पॉलिसी बाळ होण्यापूर्वीच वाचावी.

पालकांनी काय करावे?

• दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, तर डायरेक्ट बिलिरुबिनची तपासणी झाली का, हे विचारा.
• शी पांढरट किंवा मातकट होत असेल, लंगोटावर गडद पिवळे डाग पडत असतील, तर थांबू नका. फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.
• डिस्चार्ज कार्डावर निदान पूर्ण शब्दांत लिहून मागा.
• विम्याच्या अर्जातला कोड आणि कार्डावरचे निदान जुळते का पाहा. चूक असेल तर दावा पाठवण्याआधीच रुग्णालयाकडून दुरुस्ती करून घ्या.

कागदावरची चूक नंतरही सुधारता येते. ६० दिवस मात्र परत मिळत नाहीत.