चुना, काव आणि शेण

दसरा उलटला की पाऊस परततो आणि चार महिन्यांत त्याने घराच्या पुढच्या बाजूचं काय करून ठेवलंय ते उन्हात दिसायला लागतं. आमचं गावचं घर राजापूर तालुक्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. यंदा ठाण्याहून गावी पोचले तेव्हा जांभ्याच्या पायऱ्या शेवाळाने काळ्या पडल्या होत्या. पडवीच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओलीचे डाग होते, खळ्यात घोट्याएवढं गवत होतं आणि दाराची पितळी कडी तपकिरी झाली होती. दिवाळीला अकरा दिवस होते. हाताशी तीन हजार रुपये होते आणि त्यातच भागवायचं ठरवलं होतं.

ते ठरवण्यामागे एक जुनं दुखणं होतं. सहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून आम्ही पडवीच्या भिंतींना प्लास्टिक पेंट मारून घेतला आणि पायऱ्यांवर गुळगुळीत टाइल्स बसवल्या. एकदा करा, पाच वर्षं बघायला नको, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच श्रावणात त्या टाइलवरून आईचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. पाऊस संपेपर्यंत भिंतीवरच्या रंगाला फुगे आले होते. बोट लावलं की पापुद्रा निघे आणि आतून ओलसर भुकटी गळे. जांभा सच्छिद्र दगड आहे. जोत्यातून वर चढलेली ओल त्याच्या भिंतीत असतेच आणि ऊन पडलं की ती भिंतीच्या अंगातून बाहेर पडते. आम्ही तिची वाटच प्लास्टिकने बुजवली होती. टाइल्स त्याच वर्षी उखडल्या. रंग मात्र अर्धामुर्धा तसाच राहिला होता.

म्हणून यंदा पहिले दोन दिवस फक्त खरवडण्यात गेले. पुट्टी लावायचा पत्रा, तारेचा ब्रश, तोंडाला फडकं. प्लास्टिक पेंटचा तुकडाही राहिला तर त्यावर चुना धरत नाही, त्यामुळे हे काम आवरतं घेता येत नाही. पायऱ्यांवर ब्लिचिंग पावडरचं पाणी ओतून तासभर ठेवलं आणि नारळाच्या सोडणाने घासलं. काळ्या थराखालून जांभ्याचा विटकरी रंग आणि त्याची बारीक बारीक भोकं वर आली. ओल्या पायांनी त्या पायरीवर उभं राहून पाहावं. पाय धरून ठेवणारी तिच्यासारखी दुसरी फरशी मला माहीत नाही.

चुन्याचं काम मला शेजारच्या काकींनी शिकवलं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. भातकापणीचे दिवस असल्यामुळे गावात गडी मिळणं कठीण, आणि काकींच्या घरचेही सगळे शेतावर. त्या मात्र दुपारी काठी टेकत येऊन पडवीत बसायच्या. मी पिंपात चुनकळी टाकून वरून पाणी ओतायला निघाले, तर त्यांनी तिथूनच हाक दिली.

“बाय, चुन्यावर पाणी नाय ओतायचं. आधी पाणी, मग त्यात चुना. थोडा थोडा. आणि तोंड लांब ठेव.”

खडा पाण्यात पडला की क्षणभर काहीच होत नाही. मग बुडबुडे येतात, खडा तडकतो, आणि बघता बघता सगळं पिंप रटरटायला लागतं. वाफ येते, हात धरवत नाही इतका पत्रा तापतो. म्हणूनच लोखंडी पिंप घ्यायचं, प्लास्टिकची बादली नाही. आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण चुन्याचा एक थेंबही डोळ्याला कायमची इजा करू शकतो.

“काकी, किती वेळ ठेवू?”

“उकळायचं थांबू दे. मग दोन राती त्याला हात लावू नको.”

दोन रात्रींनी पिंपाच्या तळाशी लोण्यासारखा मऊ चुना बसला होता. तो पाण्यात कालवून जुन्या लुगड्यातून गाळला. रात्रभर भिजवलेला बाभळीचा डिंक त्यात घातला, म्हणजे भिंतीला टेकल्यावर कपड्याला पांढरं लागत नाही. चिमूटभर नीळ घातली, तिने पिवळसर झाक मरते. दाटपणा ताकाएवढा. माझा हात सारखा दाट करण्याकडे जात होता आणि काकी सारख्या पाणी घालायला लावत होत्या. दाट हात दिला की वाळताना तडे जातात आणि पोपडे सुटतात. पातळ तीन हात द्यायचे, आणि प्रत्येक वेळी भिंत आधी पाण्याने भिजवून.

पहिला हात दिला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो. जुने डाग, खरवडल्याचे ओरखडे, सगळं जसंच्या तसं. काकींनी चहा करायला पाठवलं. चहा होऊन कप बाहेर आणेपर्यंत भिंतीचा वरचा भाग उजळायला लागला होता. ती सफेदी वरून खाली, वाळत्या ओलीच्या मागोमाग उतरत येते. पुढचे दिवस ती पक्की होत जाते, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे भिंतीवर बसतो तो दगडाचाच पातळ थर. त्यातून ओल बाहेर पडू शकते आणि त्याच्या क्षारपणामुळे बुरशीला सहजी थारा मिळत नाही.

भिंतीच्या तळाला हातभर उंचीचा तांबडा पट्टा ओढायची कोकणात रीत आहे. मी लहानपणापासून ती नक्षी समजत होते. यंदा जमिनीवर बसून पट्टा ओढताना कारण समोरच दिसलं. पागोळ्या जिथे पडतात तिथून तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर उडतात आणि बरोबर हातभर उंचीपर्यंतच पोचतात. पट्टा काव भिजवून केलेला, म्हणजे लोहाचा अंश असलेल्या तांबड्या मातीचाच. डाग ज्या रंगाचा, त्याच रंगाचा पट्टा, त्यामुळे डाग दिसतच नाही. ज्या कोणी हे पहिल्यांदा केलं त्याने पावसाकडे किती नीट पाहिलं असेल! पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो कोरायचा, ही कावी चित्रांची कलाही गोव्यात आणि दक्षिण कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर याच दोन वस्तूंतून उभी राहिली.

खळ्यासाठी मात्र एक गडी एक दिवस लागला. गवत मुळासकट काढून, खड्ड्यांत ताजी तांबडी माती भरून, पाणी शिंपून त्याने ते चोपण्याने चोपलं. ओल नेमकी हवी. पाऊल उमटलं पाहिजे, पण माती तळव्याला चिकटता कामा नये. त्यावर दुसऱ्या दिवशी शेणाचं सारवण.

शेण काकींच्या गोठ्यातलं, सकाळचं ताजं. त्यातल्या काड्या वेचून पाण्यात कालवलं. मोठ्या जागेला पोतेरं चालतं, पण दारासमोरचा तुकडा हातानेच सारवायचा, असं काकींनी सांगितलं. मी उकिडवी बसून उजव्या हाताने अर्धगोल काढत मागे मागे सरकू लागले.

“मनगटातून नको फिरवू. खांद्यातून फिरव. हात मोकळा सोड.”

खांद्यातून हात फिरला तशी चार बोटांच्या रेघांची कमान एका दमात उमटली. पुढची कमान तिच्या कडेवर थोडी चढवायची, म्हणजे मध्ये कोरडी माती राहत नाही. थर इतका पातळ की मातीचा खडबडीतपणा हाताला लागत राहावा. वास तासाभरात गेला. संध्याकाळी तिरक्या उन्हात ते सगळे अर्धगोल खवल्यांसारखे दिसत होते. पाठ दोन दिवस दुखली, पण त्या तुकड्यावर पाय ठेवायला माझा मलाच धीर होत नव्हता.

उरलेली कामं भराभर झाली. कडी-कोयंडा आणि दारावरची पितळी फुलं भिजवलेल्या आमसुलांनी चोळली, पितळेवरचा काळा थर आंबटाने सुटतो. उंबरठा आणि पडवीचे खांब पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन मिसळून पुसले. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तापून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा. झोपाळ्याच्या कड्यांना ग्रीस लावलं. डोळ्यांवर येणारी पांढरी ट्यूब काढून, बांबूची रोवळी उलटी टांगून तिच्या आत पिवळा बल्ब लावला. तुळशीवृंदावनाला उरलेला चुना आणि काव पुरली. अबोली, कोरांटीच्या फांद्या काकींच्याच कुंपणातून मिळाल्या.

खर्च असा झाला. चुनकळी 10 किलो 300 रुपये, काव 120, डिंक आणि नीळ 80, तेल 380, टर्पेंटाइन 110, ब्रश आणि पॉलिश पेपर 180, दोन कुंचले 160, ब्लिचिंग पावडर 60, बल्ब, होल्डर आणि वायर 270, रोवळी 150, गड्याची एक दिवसाची मजुरी 700. एकूण 2,510. सहा वर्षांपूर्वीच्या कामाला याच्या पंधरापट पैसे गेले होते.

चुना दोन-तीन वर्षांत पुन्हा द्यावा लागेल. खळं तर दर वर्षी करायचंच. मला हे आता ओझं वाटत नाही. कोकणातल्या घराच्या पुढच्या बाजूला कायमचं असं काही करूच नये, असं माझं मत झालं आहे. पाऊस दर वर्षी येणार, म्हणून थोडं थोडं दर वर्षी करावं, आणि ज्यातून भिंतीला श्वास घेता येईल तेच लावावं. काकींसारखी माणसं अजून पडवीत येऊन बसतात, सांगतात, हात धरून दाखवतात, तोवर हे शिकून घ्यावं. तुम्ही दिवाळीला गावी जाणार असाल तर निदान चार दिवस आधी पोचा, आणि पोचल्या दिवशीच चुनकळी भिजत घाला. तिला दोन राती लागतात.