टप्पा मंजूर, तरतूद नाही

जुलै २०२५ मध्ये राज्यभरातून आलेले हजारो शिक्षक भर पावसात मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते. त्यांची मागणी नवी नव्हती. अंशतः अनुदानित शाळांना २० टक्क्यांचा पुढचा टप्पा देण्याचा शासन निर्णय १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, निघालाच होता. मार्चमधल्या अर्थसंकल्पात मात्र त्यासाठी पैसेच ठेवले नव्हते. त्या अर्थसंकल्पातली महसुली तूट होती ४५,८९१ कोटी रुपयांची.

या शिक्षकांची प्रतीक्षा जुनी आहे. त्यांच्या शाळांवरच्या ‘कायम विनाअनुदानित’ या शिक्क्यातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला. पहिलं २० टक्के अनुदान यायला २०१६ उजाडलं. २० टक्के म्हणजे पगारातला पाचवा हिस्सा सरकारचा. उरलेल्याचं काय, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. कित्येकांची उमेदीची वर्षं यातच गेली.

तिजोरी आटली तरी कर्जाचं व्याज, निवृत्तिवेतन आणि कायम कर्मचाऱ्यांचे पगार थांबवता येत नाहीत. त्यामुळे कात्री लागते ती पुढे ढकलता येणाऱ्या खर्चाला: अनुदानाचे टप्पे, रिक्त पदं, वेतनेतर अनुदान. शाळा बंद पडत नाही, म्हणून बातमीही होत नाही.

करोनाकाळात हे उघड दिसलं. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने योजनांवरचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्य खातं वगळता नव्या भरतीला मनाई केली. त्यातून सूट मिळून ६,१०० शिक्षण सेवकांच्या भरतीला परवानगी मिळाली ती जुलै २०२१ मध्ये. शिक्षण सेवक ही २००० सालची योजनाच मुळात काटकसरीची: पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधन. प्राथमिक शाळेत ते ३,००० रुपयांपासून सुरू झालं आणि २०२३च्या सुरुवातीपर्यंत अवघं ६,००० होतं. मग ते १६,००० झालं. पदवी आणि डी.एड. घेतलेल्या माणसाला इतकी वर्षं असं राबवणं अन्यायाचंच होतं.

एक पद रिकामं राहिलं की सरकारचा एक पगार वाचतो. पण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. त्यांतला एक नसेल, तर पहिली ते पाचवीचे सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. तो केंद्रशाळेतल्या बैठकीला गेला, की त्या दिवशी शिकवणं बंद.

खासगी अनुदानित शाळांचं वेतनेतर अनुदान २००४ पासून कित्येक वर्षं बंद होतं. वीजबिल, खडू, प्रयोगशाळेचं साहित्य, गळकं छप्पर हे सारं त्यातूनच भागायचं. सधन गावांत माजी विद्यार्थी आणि लोकवर्गणी ही उणीव भरून काढतात. अर्धं गाव ऊसतोडीला जातं तिथे वर्गणी मागायची कुणाकडे? एकाच अर्थसंकल्पातली तूट म्हणून सगळ्या मुलांच्या वाट्याला सारखी येत नाही.