बंधाऱ्याचा बरगा भंगारात जातो, तेव्हा पाणी कुणाचं जातं?

दिवाळी जवळ आली की नदीकाठच्या गावात एकच विचारणा सुरू होते, बरगे कधी घालणार? पंचगंगा असो, भोगावती, कासारी, वेदगंगा नाहीतर हिरण्यकेशी, आपल्या जिल्ह्यातली ऊसशेती आणि बऱ्याच गावांचं प्यायचं पाणी याच बरग्यांवर अडलेलं असतं. आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्यावर बरगे मोजायला गेलं की कळतं, निम्मे जागेवर नाहीत.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरी बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे केलेले खांब. खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा संपला की त्या खाचांत बरगे एकावर एक बसवायचे. बरग्यांच्या दोन ओळी आणि मधल्या फटीत माती, अशी जुनी पद्धत. पूर्वी बरगे लाकडी होते, ते कुजायचे, म्हणून लोखंडी आले. मे संपता संपता बरगे काढायचे, म्हणजे पुराचं पाणी खांबांमधनं मोकळं जातंय. हे काढ-घाल करता येणं हीच या बंधाऱ्याची खरी करामत, म्हणून तर कोल्हापूरचं नाव लागून हा बंधारा सगळ्या महाराष्ट्रात गेला.

पण जे काढता येतं ते उचलताही येतं. काढलेले बरगे चार-पाच महिने बंधाऱ्याशेजारीच उघड्यावर रचून ठेवलेले असतात. पावसात तिकडं कोण फिरकत नाही. रात्री छोटा टेम्पो लावला की काम झालं.

आमच्या बंधाऱ्यावर काही वर्षांपूर्वी असंच झालं. बरगे कमी पडले, मग मातीची पोती आणि प्लॅस्टिकचा कागद लावून फटी बुजवल्या. पोत्यांनी पाणी अडतंय थोडे दिवस. जानेवारीत गळती इतकी वाढली की मोटरींचे फुटव्हॉल्व्ह उघडे पडले, आणि फेब्रुवारीत गावच्या पाणी योजनेच्या जॅकवेलमध्ये गाळच राहिला. बायकांनी महिनाभर टँकरपुढं रांगा लावल्या. माझा वीस गुंठ्यांचा खोडवा वाळला तो वेगळाच. चोराला भंगारात जे काही मिळालं असेल, त्यापेक्षा टँकरच्या डिझेललाच जास्त गेले असतील.

दुसरी बाजू पुराची. अवकाळी पाऊस आला, वरनं पाणी सुटलं, तर बरगे झटपट काढावे लागतात. ते राहिले तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापतं आणि बगलेचं रान नदीत जातं. ठरलेल्या मापाचे बरगे गेले आणि त्याजागी पोती, ओंडके, काहीबाही कोंबलं की ऐनवेळी ते निघत नाही. म्हणून ही चोरी नुसती पाण्याची नाही, काठावरच्या माणसांच्या सुरक्षेचीबी आहे.

पूलसुद्धा चोरीला जातो

हे फक्त आपल्याकडंच चालतं असं नाही. मुंबईत मालाडला नाल्यावर सुमारे 90 फूट लांबीचा, सहा हजार किलोचा लोखंडी पूल होता, विजेच्या मोठ्या केबल नेण्यासाठी टाकलेला. 2023 च्या जूनमध्ये तो गायब झाला. गॅस कटरनं तुकडे करून नेला होता. पकडलेल्या चौघांत पूल बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीचाच एक कामगार निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल 2022 मध्ये, बिहारच्या रोहतास जिल्ह्यात कालव्यावरचा 60 फुटांचा जुना पूल दिवसाढवळ्या तीन दिवस कापून नेला. चोर पाटबंधारे खात्याची माणसं म्हणून आले होते, त्यामुळं गावकऱ्यांना वाटलं सरकारी काम चाललंय. पुढं आठजण अटकेत गेले, त्यात खात्याचाच एक अधिकारी होता.

दक्षिण आफ्रिकेत तर 2020 च्या लॉकडाउनमध्ये रेल्वेच्या वरच्या तारा, सिग्नलच्या केबल, स्टेशनचे पत्रे, खिडक्या असं सगळंच ओरबाडलं गेलं. कित्येक मार्गांवर लोकल गाड्या बंद पडल्या आणि कामाला जाणाऱ्या गरिबांना जास्त पैसे मोजून दुसऱ्या गाड्या धराव्या लागल्या. शेवटी तिथल्या सरकारनं नोव्हेंबर 2022 मध्ये तांबं आणि लोखंडाचं भंगार परदेशी पाठवायलाच बंदी घातली. इंग्लंडमध्ये रेल्वेची केबल, गटारांची झाकणं, इतकंच काय, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मारकावरच्या धातूच्या पाट्यासुद्धा चोरीला जायच्या. तिथं 2013 च्या कायद्यानं भंगारवाल्याला परवाना लागू केला आणि रोख पैसे देऊन भंगार घेणं बंद केलं. विकणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्यायचा आणि पैसे बँकेतनंच द्यायचे. त्यानंतर तिथल्या धातूच्या चोऱ्या बऱ्याच खाली आल्या.

मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. बरगा काय कुणी खात नाही. घेणारा आहे म्हणून चोर आहे.

आणि घेणारा दरवेळी भंगारवालाच असतो असं नाही, हे लिहायला जरा जड जातंय. आमच्याच गोठ्याच्या दारात, गटारीवर टाकलेला एक लोखंडी बरगा होता. वडिलांनी कधीतरी "तिथं पडलेलाच होता" म्हणून आणलेला. मी वीस वर्षं त्याच्यावरनं वैरण नेली, कधी वाटलं नाही की ही चोरी आहे. टँकरच्या त्या साली तो उपसून बंधाऱ्यावर नेऊन दिला. तिथला माणूस हसला आणि म्हणाला, "एकटाच आलासा होय?" गावात फिरून बघा, कुठल्या गटारीवर, कुठल्या चुलीपाशी काय टाकलंय ते.

कायदा काय म्हणतो

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी चोरी वेगळी, पण कलम 305 प्रमाणं सरकारची किंवा ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेची मालमत्ता चोरली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चोरीचा माल माहीत असून घेणाऱ्याला कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत. शेतीचं किंवा पिण्याचं पाणी कमी होईल असं नुकसान केलं तर कलम 326 आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत. याशिवाय 1984 चा सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा. त्यात पाणी आणि विजेच्या व्यवस्थेची नासधूस केली तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी सांगितली आहे.

डीपीची चोरीही याच जातीची. चोराला आतली तार आणि तेल पाहिजे असतं. तेल हे डीपीला थंड ठेवतं आणि आतली वीज जागेवर अडवतं. तेल काढलेली डीपी चालू राहिली तर आतनं जळते, कधी फुटतेही. वीज कायदा 2003 च्या कलम 136 मध्ये तारा आणि विजेचं साहित्य चोरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही. डीपीखाली तेल सांडलेलं दिसलं, झाकण उघडं दिसलं, तर स्वतः फ्यूज बघायला चढू नका, 1912 ला फोन करा.

तक्रार कुणी द्यायची यावर गावात घोळ होतो. "बंधारा खात्याचा, आपण कशाला?" असं म्हणत महिना जातो, तोवर माल वितळून गेलेला असतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं, त्यासाठी मालक असायला लागत नाही. खबर देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतली नाही तर तेच लेखी पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येतं. सोबत खात्याच्या शाखा अभियंत्याला आणि ग्रामपंचायतीला प्रत द्या. पण पोलीस पहिल्यांदा विचारतात, किती गेले? इथंच सगळं अडतं, कारण मोजलेलेच नसतात.

म्हणून बरगे काढायच्या दिवशी आपल्यातली दोघं-चौघं पोरं तिथं पाहिजेत. ढिगाचा फोटो, आकडा, तारीख, आणि तो कागद ग्रामपंचायतीत. बरग्यांवर वेल्डिंगनं गावाचं अक्षर आणि नंबर काढून घेतला तर उत्तमच, रंग खरवडून जातो पण वेल्डिंग लपवायला कापावंच लागतं. ठेवायला गावातली कुलपाची जागा मिळाली तर नदीकाठापेक्षा कधीही बरी, वाहतुकीचा खर्च कोण देणार हे मात्र आधीच खात्याशी बोलून लिहून घ्या.

एक सांगायचं राहिलं. रात्री अनोळखी टेम्पो दिसला तर नंबर टिपा, 112 ला सांगा. अडवून मारहाण करू नका आणि भंगार गोळा करणाऱ्या बायामाणसांचे फोटो "चोर" म्हणून ग्रुपवर टाकू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मोबाईलवरच्या अफवेवरनं पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं होतं. ती बिचारी बाजारात आलेली माणसं होती.

आमच्या बंधाऱ्यावर या खेपेला बरगे घालताना मी वही घेऊन जाणार आहे. शेजारच्या गावाची माणसंही येतो म्हणालीत, कारण फुगवटा दोन्ही गावांच्या हद्दीत जातो.